मालक आमच्या घरी चहा प्यायचे

माझा अपघात मला आठवतो तो बिनआवाजाचा. ब्रेक किंचाळले, लोक ओरडत धावले, असं सगळे सांगतात आणि ते खरंच असणार. पण माझ्या आठवणीत सोनपेठच्या रस्त्यावरची ती सकाळ अगदी गप्प आहे. दोन्ही बाजूंना हुरड्याला आलेली ज्वारी, कणसांवर बसलेली पाखरं, आणि धुळीतून हळूच बाहेर येणारी एक पांढरी अँबेसिडर. मी कॉलेजची बस पकडायला निघाले होते. मला वाटलं, किती छान गाडी आहे. एवढं वाटून होईपर्यंत मी उताणी पडून आकाशाकडे बघत होते, आणि आकाशही छानच होतं.

गाडी शेजारच्या गावच्या एका मोठ्या शेतकऱ्याची होती. नुकतीच दुसऱ्या कुणाकडून जुनी घेतलेली, आणि हौसेनं स्वतःच चालवत होते. आसपासची सगळी गावं त्यांना मालक म्हणायची, म्हणून मीही मालकच म्हणते. त्यांनी मला उचलून मागच्या सीटवर आडवं केलं आणि गाडी थेट परभणीकडे काढली. सीटवर क्रोशाचे पांढरे अभ्रे होते. माझ्या पायाचं रक्त त्या विणकामात भोकाभोकातून उतरत होतं आणि मला सगळ्या वाटेत एकच काळजी लागली होती, की कुणाच्या तरी बायकोनं इतके दिवस बसून विणलेले अभ्रे मी खराब करते आहे. मालक पुन्हा पुन्हा मागं वळून म्हणत होते, "झोपू नको. डोळे उघडे ठेव गं माय." आमच्या वस्तीबाहेरच्या कुणी मला माय म्हटल्याचं ते पहिलंच. मी डोळे उघडे ठेवले ते बहुतेक त्या शब्दासाठी.

सरकारी दवाखान्यात कमरेपासून पावलापर्यंत प्लास्टर घातलं आणि काही दिवसांनी मला घरी आणून बाजेवर ठेवलं. पुढचे कित्येक महिने मी ती बाज सोडली नाही. वर पत्रे होते, पत्र्यांना खिळ्यांची जुनी भोकं होती, आणि त्या भोकांतून आलेले उजेडाचे ठिपके सकाळी पश्चिमेच्या भिंतीवर असायचे, दुपारी माझ्या प्लास्टरवर उतरायचे आणि संध्याकाळी चुलीच्या बाजूनं निघून जायचे. मला घड्याळाची गरज पडली नाही. प्लास्टरच्या आत खाज सुटली की तुरीची एक बारीक काटकी आत सारून खाजवायची, आणि त्या सुखात परत डोळा लागायचा. स्वप्नात मी कायम चालत असे. पायात पांढरे बूट असत, दवाखान्यातल्या सिस्टरच्या पायात असतात तसे, आणि फरशी संपतच नसे. बारावी झाली की मला नर्सिंगला जायचं होतं. ते वस्तीत सगळ्यांना माहीत होतं, कारण मी ते सगळ्यांना नको इतक्या वेळा सांगितलं होतं.

मालक पहिल्यांदा आमच्या घरी आले तो सोनपेठच्या बाजाराचा दिवस होता. आमची वस्ती गावाच्या पूर्वेला, थोडी हटून. धर्मांतर होऊन तीस वर्षं होत आली होती तरी गाव वस्तीला जुन्याच नावानं ओळखायचं. पांढरी गाडी वस्तीच्या तोंडाशी थांबली तेव्हा बायका पाण्याचे हंडे घेऊन जिथल्या तिथं उभ्या राहिल्या. मालक वाकून आमच्या दारातून आत आले. समाजमंदिरातली लोखंडी खुर्ची कुणीतरी पळत जाऊन आणली. ते बसले, माझ्या पायाकडे बघितलं, आणि माझ्या बाला म्हणाले, "तुमी काळजी करू नका."

बा जन्मभर लोकांच्या शेतात सालगडी म्हणून राबलेला. मालक लोक त्याला हाक मारत ती अरे म्हणून, आणि पाणी देत ते वरून, ओंजळीत. गावातल्या हॉटेलात आमच्यासाठी वेगळे कप बाहेर खुंट्यांना टांगलेले असत, ते आपणच विसळून परत टांगायचे. त्या बाला एका मालकानं तुमी म्हटलं. मग माय चुलीपाशी उठली. शेजारच्या गुरुजींच्या घरून न फुटलेली कपबशी मागून आणली, शेळीच्या दुधाचा चहा केला आणि पदरानं कप धरून पुढं केला. मालकांनी तो घेतला. क्षणभर हातात धरला. दारात अर्धी वस्ती उभी होती आणि वस्तीच्या मागं गावातलीही चार माणसं होती. मालकांनी कप तोंडाला लावला आणि पूर्ण रिकामा केला.

त्यानंतर ते दर बाजारी येऊ लागले. येताना केळी किंवा मोसंबी आणायचे, खुर्चीवर बसायचे, माझी चौकशी करायचे, चहा प्यायचे आणि जायचे. बानं गुरुजींची कपबशी परत केली आणि सोनपेठहून नवी आणली, निळ्या फुलांची. ती फळीवर सगळ्यात वर ठेवायची आणि मालकांशिवाय कुणाला द्यायची नाही, असा कायदा झाला. माय चिडायची. म्हणायची, "मालकाच्या च्यापायी शेळीचं पिलू उपाशी राहायलंय. त्येला बी एखादा कप द्या की." पण बाजाराच्या दिवशी दारासमोर सडा पहिला तिचाच पडलेला असायचा.

मी बाजेवरून हे सगळं बघत होते. अर्धी जागी, अर्धी औषधाच्या गुंगीत. गावात काय बोलतात ते वस्तीतल्या बायका येऊन सांगायच्या. पारावर म्हणे वाद झाला होता. एकजण म्हणाला, मालकानं धर्म सोडला. दुसरा म्हणाला, गाडीत रक्त सांडलं तेव्हाच सुटला. मला हसू यायचं. बाला मात्र हसू येत नसे. तो एक वेगळाच माणूस झाला होता. चालताना मान वर असायची. एकदा हॉटेलसमोरून येताना त्यानं टांगलेल्या कपांकडे बघितलं आणि चहा न घेताच घरी आला, आणि ते त्यानं मला दोनदा सांगितलं.

त्याला कारण होतं. विद्यापीठाचं नाव बदलायचा ठराव झाला आणि ठिकठिकाणी वस्त्या जाळल्या गेल्या त्या पावसाळ्यात बा आम्हाला घेऊन उसाच्या फडात लपला होता. मी तेव्हा लहान होते, मला ते चिखलाचा वास आणि मायचा तोंडावर दाबलेला तळवा एवढंच आठवतं. आमच्या गावात काही जळलं नाही. पण लांबून धूर दिसला होता, आणि तो धूर बाच्या डोळ्यांतून कधी गेलाच नाही. नाव अजून बदललं नव्हतं, मोर्चे निघत होते, बातम्या येत होत्या. अशा दिवसांत एका मालकाची गाडी दर आठवड्याला आमच्या दाराशी उभी राहते, ही बाच्या लेखी सुखाची झोप होती.

प्लास्टर कापलं तेव्हा उन्हाळा भरात होता. परभणीच्या डॉक्टरांनी पाय हातात घेऊन इकडून तिकडून बघितला आणि एक्स-रेचा फोटो उजेडाकडे धरला. हाड वाकडं जुळलं होतं आणि पाय आखूड झाला होता. औरंगाबादला मोठ्या दवाखान्यात नेऊन परत मोडायचं, आत सळई घालायची, तर सुधारेल, आणि जितकं लवकर तितकं बरं, असं ते म्हणाले. नाहीतर? मी विचारलं. नाहीतर अशीच चालेल, ते म्हणाले, आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. नर्सिंगचं मी विचारलंच नाही. खुर्चीवरून उठून दारापर्यंत जाताना माझं मलाच उत्तर कळलं.

मायचा भाऊ, माझा मामा, परभणीला एका कचेरीत कारकून होता. त्याच संध्याकाळी तो आमच्याबरोबर गावी आला आणि बसल्याबसल्याच म्हणाला, "वकील लावा. दावा टाका." त्यानं कचेरीजवळच्या एका वकिलांना विचारून ठेवलं होतं. आपल्यातलेच, वयस्कर. त्यांनी सांगितलं होतं की अपघात झाल्यापासून सहा महिन्यांत अर्ज पडला पाहिजे, गाडीचा विमा असेल तर भरपाई विमा कंपनी देते, आणि मुलगी सज्ञान आहे तेव्हा सही तिची लागेल. सहा महिने संपायला फार दिवस उरले नव्हते.

बा म्हणाला, "वकील कामून? मानूस घरी यायलाय, बसायलाय, च्या प्यायलाय. अजून काय पाहिजे?"

"पाय पाहिजे," मी म्हणाले.

बा माझ्यावर कधी ओरडत नसे. तेव्हाही ओरडला नाही. फक्त म्हणाला, "कोरटाचा कागद त्यांच्या दारात गेला की ती गाडी आपल्या दारात येनार न्हाई." आणि बाहेर जाऊन बसला. मामानं कपाळावर हात मारला. "दाजी, पैसे कंपनी देती, मालक न्हाई. त्यांच्या खिशाला हात बी लागत न्हाई." बाला ते समजत नव्हतं असं नाही. नोटीस कंपनीला गेली काय नि मालकांना गेली काय, नाव मालकांचं येणार आणि तक्रार आमची असणार, हे त्याला मामापेक्षा बरं माहीत होतं.

मला बाचा राग आला, हे सरळच सांगते. एका कपाच्या बदल्यात माझा पाय, असा हिशेब मी मनात केला आणि तो मला फार अपमानाचा वाटला. पण दुपारी ठिपके पायावर उतरले की राग वितळायचा. मग वाटायचं, लंगडी तर लंगडी. बा मान वर करून चालतो आहे, त्याच्यासाठी मी मान खाली घालून चालले तर कुठे बिघडलं? आणि परत डोळा लागला की फरशी, पांढरे बूट, आणि रांगेतले पेशंट माझी वाट बघत असायचे. जागी झाले की मला माझं ठरत नसे. वकील लावायचा. नाही लावायचा. माय माझ्या डोक्याला तेल लावताना म्हणायची, "तुझं तू ठरव. तुझ्या बाचं मी बघते." पण बाचं कुणी काय बघणार होतं?

शेवटी मी जे केलं ते ऐकून मामा आजही म्हणतो की असलं खूळ फक्त आमच्याच घरात निघू शकतं. मी ते मालकांनाच विचारलं.

बाजाराचा दिवस होता. ऊन मी म्हणत होतं आणि गाडीची काच दारातून आत चमकत होती. मालक घाम पुसत बसले होते. मायनं चहा दिला. बा उंबऱ्यापाशी उकिडवा बसला होता. मालकांनी पहिला घोट घेतला आणि नेहमीसारखं विचारलं, "काय म्हनतंय पाय?"

"मालक," मी म्हणाले, "डॉक्टर म्हणतात ऑपरेशन पाहिजे. मामा म्हणतो वकील लाव. बा म्हणतो नको. तुम्ही सांगा. मी लावू का नको?"

बाची मान झटकन वर झाली. माय चुलीपाशी तशीच थांबली. मालकांनी कप बशीत ठेवला नाही, हातातच धरून राहिले. ठिपके हलले नाहीत एवढं मला आठवतं. त्या शांततेत मला परत तो रस्ता दिसला, ती ज्वारी, आणि मला वाटलं गाडी अजून पोचलेलीच नाही, अजून येते आहे.

"तू इचारलंस म्हनून सांगायलो," मालक म्हणाले. ते माझ्याकडे बघत नव्हते, कपातल्या चहाकडे बघत होते. "गाडीचा इमा संपलेला होता. भरायचा राहून गेला. दावा पडला तर सगळं माझ्याच अंगावर येतंय. म्या वकील पहिल्या दिवशीच लावलाय." मग थांबून म्हणाले, "त्यानंच सांगितलं, जात जावा. बसा, लेकराची इचारपूस करा, च्या घ्या. सहा महिने निघून गेले की मिटलं."

बाहेर गाडीभोवती खेळणारी पोरं तेवढी ओरडत होती. मालक उठले. उभ्याउभ्याच राहिलेला चहा पिऊन टाकला, कप स्वतःच्या हातानं फळीवर ठेवला, आणि माझ्याजवळ येऊन म्हणाले, "माय, म्या तुझ्या जागी असतो तर लावला असता." दारातून वाकून बाहेर पडताना ते बाला काहीतरी म्हणायला थांबले. पण बाच जागचा उठला आणि त्यांना वाट करून दिली. गाडी गेली. मला त्यांचा राग यायला हवा होता. तो आला, पण दुसऱ्या दिवशी. त्या क्षणी मला त्यांची दया आली आणि बाकडे बघायची भीती वाटली.

बा उरलेला दिवस सालाच्या शेतावर बैलांच्या कामाला लागला. जेवताना त्यानं एवढंच विचारलं, "परभनीची पहिली गाडी कवा असती?"

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते कोर्टाचं आहे आणि कोर्टाचं काही थोडक्यात होत नाही. दावा वर्षानुवर्षं चालला. निकाल माझ्या बाजूनं लागला तोपर्यंत हाड पक्कं होऊन बसलं होतं आणि ऑपरेशनचा फायदा अर्धाच झाला. आजही मी उजव्या पायावर झुकते. नर्सिंग झालं नाही. त्याच जिल्ह्यात सरकारी दवाखान्यात मी केसपेपर काढायच्या खिडकीत बसून नोकरी केली. आतल्या फरशीवरून पांढरे बूट जाताना दिसायचे, आणि सुरुवातीची काही वर्षं मला ते बघवत नसे. मालक कोर्टात दोनदा दिसले. मी नमस्कार केला. त्यांनीही केला. खोटं ते बोलले नाहीत, त्यांच्या वकिलानं सांगितलं असेल तरी.

पण मला सांगायचं आहे ते वकिलांच्या खोलीतलं. त्या चहाच्या दुसऱ्या दिवशी मी आणि बा बसनं परभणीला गेलो. वाटभर बा खिडकीबाहेर बघत होता आणि मी त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपेत होते. उघड्या शेतांवर वाफ हलत होती. मधूनच मला वाटायचं आपण कुठल्यातरी लग्नाला चाललो आहोत. वकिलांची खोली कोर्टाच्या मागच्या गल्लीत होती. खिळ्याला काळा कोट, कोपऱ्यात माठ, आणि टेबलाच्या मागं जाड चष्म्याचे म्हातारे वकील. त्यांनी आम्हाला पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं, आणि अर्जाचा कच्चा मजकूर लिहायला घेतला. गाडी कशी आली, मी कुठल्या बाजूनं चालत होते, पाय किती आखूड झाला. मी सांगत होते आणि ते लिहीत होते. मला ते दुसऱ्याच कुणा मुलीबद्दल चाललंय असं वाटत होतं.

शेवटी पेन खाली ठेवून त्यांनी बाला विचारलं, "काका, तुम्हाला काही सांगायचं?"

"लिहा," बा म्हणाला, "मालक आमच्या घरी च्या पिले."

वकील हसले नाहीत. समजुतीनं म्हणाले, "त्याचा दाव्याशी संबंध नाही. उलट ते म्हणतील, आम्ही माणुसकीनं जात होतो. आपल्याला ते अडचणीचं आहे."

"असू द्या. लिहा."

"बा," मी म्हणाले, "ते कशासाठी येत होते ते तू ऐकलंस ना?"

बा माझ्याकडे वळला. त्याचे डोळे लाल होते, आणि आवाज अगदी शांत होता.

"मला काय कळत नव्हतं व्हय? बिनाकामाचं कोन कुनाच्या दारात येतंय? मला पहिल्याच बाजारी कळलं होतं. म्या येऊ दिलं." मग तो वकिलांकडे बघून म्हणाला, "साहेब, कामून पिले ते त्यांच्यापाशी. पन पिले तर खरं ना? आमच्या कपात, गावादेखत. उद्या गाव म्हनंल असं झालंच न्हाई. तुमचा कागद तरी राहील."

मला इतकं रडू आलं की मी टेबलाची कड धरली. बा एका चहावर भाळला असं मी इतके दिवस समजत होते. वकिलांनी चष्मा काढून पुसला आणि तो परत लावून माझ्याकडे बघितलं. अर्ज माझा होता.

"लिहा," मी म्हणाले.

त्यांनी लिहिलं, बाला मोठ्यानं वाचून दाखवलं, आणि मग मी सही केली.